अकरावं रोप

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीच्या सकाळी, आम्ही टोमॅटोची दहा रोपं घेतली. सहा रुपयाला एक, एकूण साठ रुपये रोख. हजर तिघं: मी, माझी बायको आणि रोपवाल्या बाई.

अकरावं रोप ट्रेच्या कोपऱ्यात मान टाकून पडलं होतं. बायकोने त्याच्याकडे बोट केलं.

"ते न्हाई जगत ताई," रोपवाल्या बाई म्हणाल्या.

"तरी द्या."

"घेऊन जा मंग. पैसे राहू द्या. जगलं तर द्या आणून सहा रुपये."

बायको माझ्याकडे वळली. "ध्यानात ठेवा बरं का."

तिने मला सांगायची गरज नव्हती. मस्तगडला लोखंडाच्या दुकानात मी बावीस वर्षं हिशेबच ठेवतो. पण तिने सांगितलं, आणि ते माझ्याकडे राहिलं.

घरी येताना स्कूटरवर तिने ट्रे उजव्या हातात धरला होता. डावा हात तिला वापरता येत नव्हता. त्या हाताच्या मनगटावर दोन रक्तवाहिन्या जोडून दिल्या होत्या, डायलिसिसच्या सुया तिथे लागायच्या. बोट ठेवलं की आतून घरघर जाणवायची, मांजर निजल्यासारखी. त्या हाताने वजन उचलायचं नाही, त्यात बांगड्या घालायच्या नाहीत, त्यावर डोकं ठेवून झोपायचं नाही. शेजारच्या मावशी एकदा म्हणाल्या, "एकाच हातात बांगड्या? दुसऱ्या हातच्या काय गहाण टाकल्या का?"

"दुसरा हातच गहाण आहे मावशी," बायको म्हणाली. "मंगळवारी न शनिवारी सोडवून आणते, पुन्हा ठिवते."

मावशी हसल्या आणि मग हसणं मधेच थांबवून आत गेल्या.

टोमॅटो तिला वर्ज्य होता. दवाखान्यातून मिळालेल्या कागदावर केळी, नारळपाणी, पालक आणि टोमॅटो एकाखाली एक होते. किडनी गेलेल्या माणसाच्या रक्तात या वस्तूंतला क्षार साचतो आणि तो हृदयाला बाधतो, असं आम्हाला समजावून सांगितलं होतं. आमच्याकडे भाज्या उकळून पाणी फेकून मगच फोडणीला पडायच्या. पाणीसुद्धा मोजून. सकाळी मी एक बाटली भरून ठेवायचो, दिवसभराचं तेवढंच. उरलेल्या पाण्याकडे ती संध्याकाळी अशी बघायची की मी खोलीतून बाहेर जायचो.

"तुला चालत न्हाई, मंग लावायचे कशाला?" मी विचारलं.

"तुम्हाला चालतात ना. पोरीला चालतात."

मुलगी शिकायला संभाजीनगरला असते, शनिवारी-रविवारी येते. त्या दिवशी ती घरी होती. रोपं लावायला तिने खड्डे केले, मी शेणखत टाकलं, बायकोने एका हाताने रोपं बसवली. दहा रोपं मागच्या भिंतीला धरून एका ओळीत. अकरावं तिने वेगळं, धुण्याच्या दगडाजवळ लावलं. तिथे पाण्याला तोटा नव्हता. झाडाला पाणी घालताना ती मगाभर घालायची, मग आणखी मगाभर. "पी बाबा," असं म्हणायची. ते मी ऐकलं नाही असं दाखवायचो.

तिच्या माहेरी, जाफराबादकडे, एक रीत आहे. ज्याच्या हाताने झाड लागलं त्याने पहिलं फळ तोंडाला लावायचं. तोवर घरातल्या कोणी त्या झाडाचं खायचं नाही, लेकरांनीसुद्धा नाही. माझ्या सासऱ्यांनी लावलेल्या आंब्याला पहिल्यांदा फळ धरलं त्या वर्षी ते अंथरुणाला खिळलेले होते. एक फोड कापून त्यांच्या ओठाला लावली, तेव्हा कुठे पोरांनी झाडावर दगड मारले. ही गोष्ट ती हसत सांगायची.

मुलगी म्हणाली, "मम्मी, टमाट्याला काय कळतं कोणी लावलं ते?"

"त्याला न्हाई कळत. मला कळतं."

"मंग आम्ही खायचंच न्हाई का? तुला तर बंद आहे."

"मी मशीनवर खाईन."

हे मात्र खरं होतं. डायलिसिसला चार तास लागतात. मशीन सुरू झाल्यावर पहिल्या तासात पेशंटला एखादा मना केलेला घास थोडा खाऊ देतात, रक्त पुढे धुतलंच जाणार असतं म्हणून. त्या तासात तो वॉर्ड पंगतीसारखा दिसायचा. एक मास्तर रसगुल्ला खायचे. एक म्हातारी अर्धं केळ सोलून ते चघळत बसायची आणि सालही लवकर टाकून द्यायची नाही. डॉक्टरांना मी रीतसर विचारलं. ते म्हणाले, एक-दोन फोडी, त्याही पहिल्या तासात, जास्त नको. मी घरी येऊन सांगितलं तर बायको म्हणाली, "दोनच फोडी? मंग फळ तरी चांगलं निघू द्या."

"ओठाला लावलं तरी चालतं ना तुमच्यात?" मी म्हणालो.

"माझे दात आहेत अजून," ती म्हणाली.

त्या दिवसापासून मी त्या फळाची वाट पाहू लागलो. कबूल करायला हरकत नाही, मला टोमॅटोचं काही नव्हतं. पण उन्हाळ्यात डायलिसिस सुरू झाल्यापासून तिने कशाचीही मागणी केली नव्हती. लुगडं नको, माहेर नको, दिवाळीला नवीन काही नको. फक्त हे एक.

दसऱ्याच्या सुमारास झाडं कमरेएवढी झाली. अकरावंही जगलं. थोडं वाकडं वाढलं, पण जगलं. फुलं आली, बोराएवढी हिरवी फळं दिसू लागली. आमच्या कॉलनीच्या मागे अजून शेतं आहेत. भिंतीपलीकडचं सोयाबीन त्याच आठवड्यात काढलं. मळणीचं मशीन दोन दिवस चाललं, सगळीकडे भुसा उडाला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी टोमॅटोच्या पानांवर हिरवे ढेकूण बसलेले होते.

ढालीसारखा चपटा, नखाएवढा किडा. पानाच्या रंगाचा, म्हणून पटकन दिसत नाही. शेतातलं हिरवं संपलं की जिथे हिरवं असेल तिथे जातो. सोंड खुपसून कच्च्या फळाचा रस पितो. जिथे टोचतो तिथे फळावर पांढुरका डाग पडतो आणि डागाखालचा गर कडक, कापसाच्या बोळ्यासारखा होतो. मी एकाला चिमटीत धरलं आणि हात धुऊन धुऊन दिवसभर वास गेला नाही. सडलेल्या कोथिंबिरीत रॉकेल कालवावं तसला वास. जेवताना घास तोंडाशी नेला की यायचा.

"तुला न्हाई येत का?" मी विचारलं.

"मला सगळ्याचाच येतो. चहाचा येतो, पोळीचा येतो. ह्यांचा वेगळा काय येणार?" तिच्या तोंडाची चव कधीचीच गेली होती. सगळं तोंडात पितळेसारखं लागतं म्हणायची.

मी दुकानातून परतताना औषधवाल्याकडून कपाशीवर मारायची बाटली आणली. तिने ती बघितली आणि दारातच थांबवलं.

"ते मारणार?"

"न्हाई तर काय करणार? फळ राहू देत न्हाईत ते."

"मला ते तोंडात घालायचं आहे. अगोदरच माझ्या अंगात कमी औषधं आहेत का?"

बाटली मी दुसऱ्या दिवशी परत केली. औषधवाल्याने पैसे दिले नाहीत, तुरीवर मारायला कुणी नेलं तर देईन म्हणाला.

मग तिनेच सांगितलं कसं करायचं. तिच्या माहेरी वांग्यावरचे असेच काढायचे. सकाळी उन्हं यायच्या आत जायचं. तेव्हा ते थंडीने सुस्त असतात, उडत नाहीत, नुसतं हलवलं की खाली पडतात. खाली साबणाचं पाणी धरायचं. साबणाच्या पाण्यातून त्यांना वर येता येत नाही.

हे काम दोन हातांचं आहे. एकाने फांदी हलवायची, दुसऱ्याने पाण्याचा मग धरायचा. तिला एकच हात. म्हणून मग मी धरायचो. रोज सकाळी आम्ही दोघं त्या ओळीत सरकत जायचो. ती उजव्या हाताने पान उलटं करायची, बोटाने टिचकी मारायची, आणि मी खाली मग न्यायचो. पहिले काही दिवस मी चुकायचो.

"अहो, तो तिकडं पडला. तुम्ही इकडं धरून राह्यले."

"तू सांगितलं इकडं."

"मी फांदीला सांगितलं. दुकानात बी असंच वजन करता का?"

पानाच्या मागे त्यांची अंडी असायची, ओळीने लावलेली, छोट्या पिपांसारखी. ती पान तोडून टाकायची. एकदा ती अंडी तिने बराच वेळ पाहिली. "बघा की, किती नीट ठिवलीत," म्हणाली, आणि मग पान मगात टाकलं.

तिला अर्ध्या ओळीत दम लागायचा. मग धुण्याच्या दगडावर बसायची आणि तिथून मला सांगायची. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी बरं असायचं, आदल्या दिवशी पाय सुजलेले असायचे. बुधवारी आमची ओळ पूर्ण व्हायची, सोमवारी दोन झाडंही होत नसत. सोमवारी ढेकूण जास्त दिसायचे, किंवा मला तसं वाटायचं.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण दुकान, स्वयंपाक आणि मुलीची शाळा यांत एका कामाला दोघांनी एकत्र हात लावल्याचं मला आठवत नाही. या सकाळी लावला.

दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी तिचा सकाळचा दम वाढला. मला वाटलं, हे काम बंद करावं. मच्छरदाणी आणली, बांबू रोवले आणि दहाही झाडं आत घेऊन सगळीकडून बंद केली. खालची कड मातीत पुरली. आता ढेकूण येणार कुठून, अशा समाधानात मी दुकानात गेलो. संध्याकाळी तिला हाताला धरून नेऊन दाखवलं.

ती बघत राहिली. "आत जे आहेत ते?"

"सकाळी काढले की आपण."

"अंडी?"

अंडी मी हिशेबात धरली नव्हती. आमच्या दोघांच्या नजरेतून सुटलेली पानं आत राहिली होती. आठवड्याभरात त्यांतून पिल्लं निघाली. काळी, अंगावर पांढरे ठिपके असलेली. चिमण्या जाळीत शिरू शकत नव्हत्या, कोळीही बाहेर राहिले होते, आणि पिल्लांना सगळं रान मोकळं. मी जाळी उघडली तेव्हा त्यांचा घोळका एका-एका फळावर बसला होता. लालसर व्हायला लागलेली फळं पांढऱ्या डागांनी देवी आल्यासारखी दिसत होती. आत वास इतका कोंडला होता की मला तोंड फिरवावं लागलं.

तिने नुसतं एक फळ हातात घेऊन अंगठ्याने दाबून पाहिलं आणि परत सोडलं.

"दुसरी येतील," मी म्हणालो.

"येतील ना," ती म्हणाली. "झाडाला काय घाई आहे."

तो शुक्रवार होता. रात्री मुलगी आली. शनिवारी दवाखान्यात निघायच्या अगोदर बायको एकटीच मागे गेली होती. परतली तेव्हा हातात एक टोमॅटो होता. धुण्याच्या दगडाजवळच्या, त्या अकराव्या झाडाचा. ते वेगळं होतं म्हणून मी त्याला जाळीत घेतलं नव्हतं. त्याला तीनच फळं लागली होती आणि त्यातलं हे एक पिकलं होतं. त्यालाही देठाजवळ एक डाग होता, चवलीएवढा.

"हा जाऊ द्या," मी म्हणालो. "पुढच्या शनिवारी चांगला निघेल."

"पुढचं पुढं," ती म्हणाली. "तेवढा भाग काढून टाकू."

मुलीने सुरी आणि छोटी ताटली पिशवीत घातली. वजन झालं, सुया लागल्या, मशीन सुरू झालं. पलीकडचे मास्तर म्हणाले, "काय वहिनी, आज काय पंगतीला?"

"घरचं टमाटं आहे," ती म्हणाली. "मी लावलेलं."

"मीठ?"

"मीठ बी बंद आहे मास्तर. नुसतंच."

मुलीने डागाचा भाग कापून काढला आणि दोन फोडी केल्या. बायकोने पहिली फोड तोंडात ठेवली आणि डोळे मिटून चावली. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. मला उत्तर माहीत होतं तरी विचारलं.

"कसं आहे?"

तिने दुसरी फोडही खाल्ली. मग म्हणाली, "पितळ लागतंय. मला काय, सगळं तेच." आणि मुलीकडे बघून, "पण रस आहे. आता तुम्ही खा. झालं माझं."

मुलीने डागाचा तो कापलेला तुकडा उचलून तोंडात टाकला. "अगं, ते टाकायचं होतं," मी म्हणालो. ती तोंड फिरवून चावत राहिली.

परत येताना स्कूटरवर बायको म्हणाली, "रोपवाल्या बाईचे सहा रुपये द्यायचेत तुम्ही. जगलं ते."

मी म्हणालो, देऊ. रविवारी जाऊ दोघं. तो रविवार गेला, पुढचाही. तिच्या पायांवर सूज वाढत चालली होती आणि दवाखान्याव्यतिरिक्त कुठे जाणं जमत नव्हतं.

मार्गशीर्षात एका सोमवारी सकाळी तिला श्वास घेता येईना. रिक्षा आली, दवाखान्यात पोहोचलो, त्यांनी मशीन लावायची तयारीही केली. दुपारी ती गेली. मंगळवारची पाळी होती तिची. दोन दिवस आधी घेतली असती तर, हा हिशेब मी डॉक्टरांना विचारला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं की असं मांडता येत नाही. मी अजूनही मधूनमधून मांडतो.

त्या थंडीत ढेकूण कमी झाले. कुठे जातात कोण जाणे, भिंतीच्या फटीत, वाळल्या पानांखाली. झाडं मात्र बहरली. दिवस करायला आलेल्या माणसांना मागे हात धुवायला गेलं की ती लाल ओळ दिसायची. कुणीतरी म्हणालं, किती टमाटे आलेत हो. तिच्या भावाने जाताना पिशवीभर नेले. नेताना मुलीला विचारलं, "तायडीने खाल्लं होतं ना?" मुलगी हो म्हणाली. मग त्याने तिथेच एक चावून खाल्लं, उभ्याउभ्या.

सगळे गेल्यावर मुलीने टोमॅटोची चटणी केली. दोघंच जेवायला बसलो. मी पहिला घास घेतला. चांगली झाली होती. माझ्या तोंडाला सगळ्या चवी कळत होत्या, आंबट, गोड, तिखट, आणि त्याचाच मला राग आला. तरी खाल्ली. तिने दोन फोडी खाल्ल्या होत्या त्या आम्हाला खाता यावं म्हणून, हे मला तेव्हा कळलं. स्वतःच्या चवीसाठी तिने ते केलंच नव्हतं. मी पान स्वच्छ केलं.

ऊन वाढल्यावर ढेकूण पुन्हा दिसू लागले, पाच-सहा. मी सकाळी मग घेऊन गेलो. एका हाताने मग धरला, दुसऱ्या हाताने फांदी हलवली, आणि किडा मगाच्या बाहेर पडला. पुन्हा तसंच. मी विटेवर मग ठेवून पाहिला, तो कलंडला. शेवटी हातानेच धरून धरून मगात टाकले. दिवसभर हाताला वास होता. दुकानात शेठ म्हणाले, "कसला वास येऊन राह्यला हो?" मी म्हणालो, घरचा आहे.

गेल्या रविवारी मी रोपवाल्या बाईंकडे गेलो. त्या वांग्याच्या रोपांना पाणी मारत होत्या.

"सहा रुपये द्यायचे होते," मी म्हणालो. "टोमॅटोच्या एका रोपाचे. तुम्ही म्हणाल्या होत्या, जगलं तर द्या."

त्यांना काही आठवेना. "कवाचं दादा?"

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचं. सोबत बायको होती. एका हातात बांगड्या."

बाईंनी थोडा विचार केला आणि मान हलवली. त्यांच्याकडे रोज किती माणसं येतात. "राहू द्या हो, सहा रुपयांचं काय."

"न्हाई. जगलं ते."

मी दहाची नोट दिली. त्यांनी पदराच्या गाठीतून दोन-दोनची दोन नाणी काढून परत दिली आणि विचारलं, "फळ चांगलं आलं का मंग?"

"आलं," मी म्हणालो. "थोडा डाग होता."

सहा रुपये, रोपवाल्या बाईंना, दिले.